इंग्रजांच्या कागदांत ‘ग्रॅब’ म्हणजे आपली गुराब! असे आणखी शब्द सांगा

मीठबंदर :
नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण मिळून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या जुन्या कागदांपैकी आंग्र्यांशी संबंधित भाग हौसेने मराठीत आणतो आहोत. इंग्रजी बऱ्यापैकी येतं असं वाटत होतं, पण गेला महिनाभर ओळखीचेच शब्द अडवतायत. अनोळखी शब्द दिसला की माणूस कोश उघडतो. ओळखीचा शब्द दिसला की बेधडक पुढे जातो आणि तिथेच फसतो.

पहिला शब्द ‘ग्रॅब’. आंग्र्यांच्या आरमाराचा विषय आला की ‘ग्रॅब आणि गॅलिव्हॅट’ ही जोडी पानोपानी येते. आमच्यातल्या एकाने ग्रॅबचा अर्थ ‘झडप’ लावून अख्खा परिच्छेद उतरवला होता. ग्रॅब म्हणजे गुराब आणि गॅलिव्हॅट म्हणजे गलबत, ही दोन्ही लढाऊ जहाजं, हे कळल्यावर तो परिच्छेद पुन्हा लिहिला. गुराब हा मूळ अरबी शब्द, अर्थ कावळा. इंग्रजीतल्या हिसकावून घेण्याच्या ‘ग्रॅब’शी त्याचा काही संबंध नाही, कानाला एकसारखे लागतात एवढंच.

दुसरा शब्द ‘शीट’. लढाईच्या एका वर्णनात तोफेच्या माऱ्याने जहाजाची शीट तुटली असं आहे. मी ‘चादर’ लिहिलं, मग खोडून ‘शीड’ लिहिलं. आता कुणीतरी म्हणतंय की तेही चूक आहे.

तर दोन प्रश्न. रोजच्या इंग्रजी शब्दांचे असे जुने, खलाशांच्या किंवा शिपायांच्या बोलीतले अर्थ तुम्हाला कोणते माहीत आहेत? आणि मराठीत आणताना त्यांचं काय करावं?

सायलीची_आई :
छान विषय. वाचते आहे.

चीफ_ऑफिसर_पनवेल :
ताई, ‘शीड’ चूकच आहे. शीट म्हणजे दोर. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला जो दोर ओढून किंवा सैल सोडून शीड वाऱ्याला लावतात, तो. मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत आहे. आमची जहाजं इंजिनाची, तरी प्रशिक्षणात शिडाच्या बोटीवर पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, कारण प्रत्येक नवा पोरगा शीट म्हटलं की कापडाकडे बघतो.

दारू पिऊन तर्र झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘थ्री शीट्स इन द विंड’ म्हणतात ते यावरूनच. तीन दोर सुटून वाऱ्यावर गेले की शिडं नुसती फडफडतात आणि जहाज कुठेही भरकटतं. तीन चादरी समजलं तर त्यात दारुडा कुठून आला हे कळणारच नाही.

‘बाय अँड लार्ज’ आपण ‘एकंदरीत’ या अर्थाने ऑफिसच्या मेलमध्ये लिहितो. ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या जवळून, जमेल तेवढं त्याच्या तोंडावर जाणं. ‘लार्ज’ म्हणजे वारा बाजूने किंवा मागून घेऊन मोकळं जाणं. दोन्हीत चांगलं चालणारं जहाज म्हणजे एकंदरीत चांगलं जहाज.

आणि ‘टेकन अबॅक’, म्हणजे चकित होणं. वारा अचानक फिरून शिडाच्या पुढच्या बाजूने आदळतो, शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जातं, जहाज जागच्या जागी थबकतं. जोर फार असेल तर डोलकाठी मोडते. हे डोळ्यांसमोर आणलं की नुसतं ‘चकित’ फार मवाळ वाटतं.

अमेय_कोथरूड :
मग ‘नॉट’चं काय? गाठ आणि वेग दोन्ही कसे?

चीफ_ऑफिसर_पनवेल :
अमेय, ती खरोखरच दोरीची गाठ आहे. एका लाकडी फळीला लांब दोरी बांधून ती जहाजाच्या मागून पाण्यात टाकायची. फळी पाण्यात जागेवर राहते, जहाज पुढे जातं, दोरी हातातून सुटत जाते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच. म्हणजे जितक्या गाठी, तितके सागरी मैल ताशी. सागरी मैल आज १८५२ मीटरचा धरतात.

त्या लाकडाच्या फळीला म्हणायचे ‘लॉग’, म्हणजे ओंडकाच. तिने मोजलेला वेग ज्या वहीत टिपायचा ती लॉगबुक. पुढे कुठलीही नोंद करणं म्हणजे लॉग करणं.

अमेय_कोथरूड :
म्हणजे मी रोज सकाळी ऑफिसात लॉगिन करतो तेव्हा ओंडका पाण्यात टाकतो! आज टीममध्ये सगळ्यांना हे सांगणार.

हर्णैकर :
गाठीवरून आठवलं. आमच्याकडे पाण्याची खोली ‘वाव’मध्ये सांगतात. दहा वाव पाणी, बारा वाव पाणी. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. माझे वडील दोरी ओढताना प्रत्येक वेळी हात पसरून छातीपाशी मोजायचे. माप घेताना माणूस कुणाला तरी मिठी मारतोय असं दिसायचं.

इंग्रजीत यालाच फॅदम म्हणतात ना?

चीफ_ऑफिसर_पनवेल :
हर्णैकर दादा, अगदी तेच. फॅदम म्हणजे ६ फूट. आणि तुम्ही मिठी म्हणालात ते किती नेमकं आहे बघा. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच पसरलेले बाहू, आलिंगन असा होता. आज ‘आय कान्ट फॅदम इट’ म्हणजे मला उमजत नाही. माझ्या हातांच्या कवेत मावत नाही, असं म्हटलं तरी चालेल. आमच्या नांगराच्या साखळीचा एक ‘शॅकल’ १५ फॅदमचा असतो, साधारण साडेसत्तावीस मीटर.

मीठबंदर :
हर्णैकर, ‘वाव’ आजच वहीत लिहून घेतला. आम्ही सगळीकडे ‘फॅदम’ तसाच ठेवला होता. आता बदलणार.

गिरगावकर_जुना :
‘पॉश’ कसा कुणी लिहिला नाही अजून? हा तर आपल्या मुंबईचा शब्द. विलायतेहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूची खोली घ्यायची, जाताना उजव्या बाजूची, म्हणजे ऊन लागत नाही. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. श्रीमंतांच्या तिकिटावर या चार शब्दांची आद्याक्षरं छापलेली असत, त्यावरून पॉश. आमच्या शाळेत सरांनी सांगितलं होतं.

शब्दशोध :
गिरगावकर काका, गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. असं तिकीट एकही सापडलेलं नाही, जहाज कंपन्यांच्या कागदांतही असा शिक्का नाही. आद्याक्षरांची ही गोष्ट छापील स्वरूपात १९३० च्या दशकात दिसू लागते. त्याच्या कितीतरी आधी, १८९० च्या एका बोलीकोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकी करणारा, नखरेल पुरुष असा अर्थ आहे. त्याहीपूर्वी लंडनच्या चोरबोलीत तो नाण्यासाठी, पैशासाठी वापरत. रोमानी भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, त्यावरून अर्ध्या पेनीचं नाणं, असाही एक धागा लावतात.

आद्याक्षरांपासून शब्द बनवायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की मी आधी तारीख विचारते.

गिरगावकर_जुना :
पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेची, म्हणजे सावलीची. हे तरी बरोबर ना?

शब्दशोध :
ते बरोबर आहे. म्हणूनच गोष्ट इतकी पटते. पण डाव्या बाजूला ऊन कमी लागतं यावरून शब्द तिथून आला असं सिद्ध होत नाही.

अशीच दुसरी गोष्ट ‘पितळी माकडा’ची. कडाक्याच्या थंडीबद्दलचा एक आंबट इंग्रजी वाक्प्रचार आहे, ‘पितळी माकडाचे गोळे गळून पडतील एवढी थंडी’. त्याचा उलगडा असा करतात की तोफगोळे ज्या पितळी तबकात रचत त्याला ‘मंकी’ म्हणत, थंडीने तबक आकसलं की गोळे घरंगळत. पण ब्रिटिश आरमारात गोळे भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांत ठेवत, आणि अशा तबकाचा उल्लेख आरमाराच्या कागदांत नाही. उलट एकोणिसाव्या शतकात हाच वाक्प्रचार माकडाचं नाक, शेपूट, कान असा वेगवेगळा सापडतो, आणि कधी कधी उन्हाळ्याबद्दलही!

सायलीची_आई :
मग डावी बाजू म्हणजे ‘पोर्ट’, बंदर, हे तरी खरं का?

चीफ_ऑफिसर_पनवेल :
हे खरं. पूर्वी सुकाणू मागच्या बाजूला मधोमध नव्हतं. उजव्या अंगाला एक मोठं वल्हं असे, त्याने दिशा द्यायची. म्हणून उजवी बाजू ‘स्टीअर-बोर्ड’, त्याचं झालं स्टारबोर्ड. ताऱ्यांशी संबंध नाही. वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने बंदराला लावायचं. डाव्या बाजूला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड ओरडून सांगा बघू, फरक कळतो का! शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश आरमाराने लारबोर्ड बंद करून पोर्ट पक्कं केलं.

देवळालीचा_पाटील :
खलाशी पुष्कळ झाले, आता शिपायांकडे या. आमचं गाव इंग्रजीत ‘वेडसर’ या अर्थाने वापरतात, हे किती जणांना ठाऊक आहे? ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली. १८६१ पासून इथे गोऱ्या सैनिकांची छावणी. भारतातली नोकरी संपली की त्यांना इथे आणून ठेवायचे, मायदेशी नेणारं जहाज मिळेपर्यंत. जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटायची. मोसम चुकला की पुढचे कित्येक महिने काम नाही, करमणूक नाही, वरून ऊन. काहींचं डोकं फिरायचं, काही दारूला लागायचे, काही नसते गुन्हे करून बसायचे.

त्यांच्या बोलीत याला ‘डूलॅली टॅप’ म्हणत. आता इंग्रजी ‘टॅप’ म्हणजे नळ किंवा टिचकी असं वाटेल. पण तो आपला ताप आहे! देवळालीचा ताप. मीठबंदर ताईंना हवा तसाच शब्द, दिसायला इंग्रजी आणि आतून आपला.

लहानपणी मला याचा राग यायचा. आपल्या गावाचं नाव असं का वापरावं? आता त्या पोरांची कणव येते. विशी-पंचविशीची मुलं, घरी जायचं म्हणून दिवस मोजत बसलेली.

निळाई :
पाटील दादा, हे माहीतच नव्हतं. माझ्या ब्रिटिश सहकाऱ्याच्या तोंडी हा शब्द ऐकलाय मी. उद्या त्याला नाशिकचा नकाशा दाखवते.

मी लंडनच्या आग्नेय भागात राहते. इथे शूटर्स हिलच्या झाडीत एक तिकोनी मनोरा आहे, नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सेव्हर्न ही इथली नदी, म्हणून मला पहिली दोन वर्षं तो इंग्रजी शब्दच वाटला. मग एकदा आतली पाटी वाचली. सुवर्णदुर्ग! १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये हे स्मारक बांधलं. त्या दिवशी मनोऱ्यावर उभी राहून मी हर्णैच्या किनाऱ्याचा विचार करत होते. आपल्या पराभवाचं स्मारक आहे, त्यामुळे आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण परक्या टेकडीवर ते नाव वाचून गळा दाटून आला.

हर्णैकर :
निळाई ताई, माझ्या घराच्या ओट्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो. गावी आलात की या.

रिटायर्ड_प्रिव्हेंटिव्ह :
मी कस्टम्समधून निवृत्त झालो. आमच्याकडे जहाजाच्या झडतीला आजही ‘रमेजिंग’ म्हणतात. घरी ‘रमेज’ म्हणजे कपाट उचकटणं. पण जुना अर्थ अगदी उलटा आहे. जहाजाच्या पोटात पिंपं आणि गाठोडी नीट रचून बसवणं म्हणजे रमेज. रचलेला माल शोधण्यासाठी हलवावा लागतो, त्यातून झडती आली, आणि झडती झाली की पसारा आलाच.

कोशातली_वाळवी :
‘ग्रॉग’ राहिला. ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा डगला घालायचा म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. १७४० मध्ये त्याने हुकूम काढला की रोजची रम निखळ द्यायची नाही, पाणी घालून द्यायची. ते पाणीदार पेय झालं ग्रॉग, आणि ते जास्त झालेला माणूस झाला ‘ग्रॉगी’. आज आपण सर्दीचं औषध घेतल्यावर ग्रॉगी वाटतंय म्हणतो. ब्रिटिश आरमारातला रमचा रोजचा वाटा ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होता.

‘जंक’ म्हणजे जुना, झिजलेला दोर. खलाशी खारवलेल्या वातड मांसालाही जंक म्हणत. तेव्हा ‘जंक फूड’ला तशी जुनीच परंपरा आहे. ‘स्लश’ म्हणजे ते मांस उकळताना वर येणारी चरबी. ती साठवून बंदरात विकायची, आलेला पैसा म्हणजे स्लश फंड.

आणि ‘स्कायस्क्रेपर’ हे डोलकाठीच्या अगदी टोकावरचं छोटं शीड. त्या नावाच्या घोड्याने १७८९ ची डर्बी जिंकली होती. इमारतींना हे नाव पार १८८० च्या दशकात मिळालं.

विक्रम_माने :
‘कॉकपिट’ घ्या. मूळ कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा. लढाऊ जहाजावर पाण्याच्या पातळीखालची अंधारी जागा, जिथे लढाई चालू असताना जखमींवर शस्त्रक्रिया करत. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सनने ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या कॉकपिटमध्येच प्राण सोडला. जुन्या कागदात ‘त्याला कॉकपिटमध्ये नेलं’ असं दिसलं तर तो जहाज चालवायला गेला असं कृपया लिहू नका.

बंदरावरचा_शेखर :
एक वेगळं मत मांडतो. या सगळ्या गमती ठीक, पण अनुवादात त्यांचा उपयोग किती? आजच्या वाचकाला गुराब, गलबत, वाव यांतलं काय कळतं? सरळ ‘मोठं जहाज, लहान जहाज, सहा फूट’ लिहा. नाहीतर इंग्रजी कोडं सोडवून मराठी कोडं हातात द्याल.

मीठबंदर :
शेखर, मुद्दा योग्य आहे, आमच्यातही यावर वाद झाला. पण ‘मोठं जहाज’ म्हटलं की त्या बोटीचं सगळं वेगळेपण जातं. गुराबीला दोन किंवा तीन डोलकाठ्या. दोनची असेल तर सुमारे १५० टन, तीनची ३०० टनांपर्यंत. पुढचा भाग निमुळता, लांब पुढे आलेला, आणि त्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, पण ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागीच अडकतं आणि गलबतं गुराबीला ओढत त्याच्या मागच्या बाजूला आणून उभी करतात. ही सगळी लढाईच ‘मोठं-लहान’ केल्यावर दिसेनाशी होते. शिवाय हे शब्द आपलेच होते. इंग्रजांनी कानाने ऐकून लिहून ठेवले, ते आपण परत घेतोय.

बंदरावरचा_शेखर :
हे पटलं. पहिल्या उल्लेखाला एवढंच वर्णन एका वाक्यात द्या, मग गुराब चालेल.

कोशातली_वाळवी :
परत घेण्यावरून ‘कॉट’ आठवली. आपली खाट सतराव्या शतकात इंग्रजीत जाऊन ‘कॉट’ झाली. जहाजावर अधिकाऱ्यांना झोपायला कापडी लोंबता पलंग असे, त्याला कॉट म्हणत. मग ती दवाखान्यात गेली आणि तिथून मराठीत ‘कॉट’ म्हणून परत आली. आता आमच्या घरात कॉट आहे, खाट नाही. तसंच ‘डंगरी’. मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड, खलाशी त्याचे कपडे शिवत.

शब्दशोध :
चोरबोलीचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. फ्रान्सिस ग्रोजने १७८५ मध्ये लंडनच्या गल्लीबोळांतल्या भाषेचा कोश काढला. ‘किडनॅप’ हा त्याच दुनियेतला शब्द. ‘किड’ म्हणजे करडू, बोलीत मूल. ‘नॅप’ म्हणजे उचलणं. सतराव्या शतकात मुलं पळवून अमेरिकेतल्या मळ्यांवर राबायला पाठवत, त्या धंद्यातून हा शब्द आला. ‘बुली’चा तर प्रवास उलटाच. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ होता लाडकं माणूस! मग चांगला गडी, मग फुशारक्या मारणारा, मग गुंड.

वाडिया_प्रेमी :
‘सेकंड रेट’ म्हणजे दुय्यम, टाकाऊ, असं आपण म्हणतो. मूळ ही ब्रिटिश आरमाराची प्रतवारी, तोफांच्या संख्येवर. १०० आणि त्याहून जास्त तोफा असतील तर फर्स्ट रेट. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘एशिया’ ८४ तोफांचं, म्हणजे सेकंड रेट. पण १८२७ मध्ये नॅव्हरिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं निशाण त्याच्यावरच फडकत होतं. असं सेकंड रेट कुणाला नको आहे?

अमेय_कोथरूड :
मूळ प्रश्न राहिलाच की. ‘शीट तुटली’चं मराठी काय करायचं? आणि त्या तीन शीटवाल्या दारुड्याचं?

मीठबंदर :
हो, तेच विचारायला आले होते. ‘शिडाचा दोर तुटला’ असं लिहिलंय. दारुड्याचा वाक्प्रचारही एका खलाशाच्या आठवणींत आला आहे. तिथे ‘तर्र’ लिहिलं तर समुद्र जातो, शब्दशः लिहिलं तर माणूस जातो. हर्णैकर, तुमच्याकडे दोर सुटून शीड फडफडायला लागलं की होडीचं काय होतं? म्हणजे, तुम्ही काय म्हणता?

हर्णैकर :
काय म्हणणार? होडी झोकांड्या खाते.

देवळालीचा_पाटील :
आणि दारुडाही झोकांड्याच खातो!

मीठबंदर :
वहीत लिहिलं. ‘शिडाचे दोर सुटलेल्या होडीसारखा झोकांड्या खात तो धक्क्यावर आला.’ हर्णैकर, वडिलांना विचारून आणखी शब्द कळवाल का? डोलकाठी आणि परबाणाला (शीड ज्याला बांधतात त्या आडव्या लाकडाला) बांधायच्या दोरांची नावं आम्हाला अजून अडली आहेत.

हर्णैकर :
रात्री विचारतो. ते आत्ता जाळं विणतायत.